ब्लॅक होलच्या बातमीत चित्र नको, लाइट कर्व्ह छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ब्लॅक होलची बातमी आली की पेपरात एक ठरलेलं चित्र येतं. एका बाजूला निळसर तारा, त्याच्यातून ओढली जाणारी वायूची धार, मधे केशरी भोवरा, भोवऱ्याच्या पोटात काळा गोळा आणि वरखाली दोन झोत. दिसायला झकास असतं, नाही म्हणत नाही. पण ते कुणीतरी कॉम्प्युटरवर काढलेलं असतं आणि मूळ संस्थेने त्याखाली 'कलाकाराची कल्पना' असं लिहिलेलं असतं, ती ओळ पेपरात येईपर्यंत कुठेतरी गळून जाते. मग वाचणाऱ्याला वाटतं की मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला की असंच दिसत असणार. माझी तक्रार एवढीच आहे की या बातमीमागे जे खरं मोजमाप असतं ते कधीच छापून येत नाही, आणि ते मोजमाप म्हणजे काही भयंकर अवघड गोष्ट नाहीये, एक साधा आलेख असतो, आडव्या रेषेवर वेळ आणि उभ्या रेषेवर उजेड. लाइट कर्व्ह म्हणतात त्याला.

लगेच कुणीतरी म्हणेल की अहो २०१९ मध्ये खरा फोटो आला होता की. आला होता, एम ८७ या दीर्घिकेच्या मधल्या ब्लॅक होलचा, आणि २०२२ मध्ये आपल्या आकाशगंगेच्या मधल्याचा. पण ती जात वेगळी. एम ८७ वालं सूर्याच्या साडेसहाशे कोटी पट वस्तुमानाचं आहे, म्हणून इतक्या लांबून पण त्याची सावली रेडिओ दुर्बिणींच्या जगभर पसरलेल्या जाळ्यात कशीबशी सापडली. ताऱ्याचा शेवट होऊन बनलेली आणि दुसऱ्या ताऱ्यासोबत जोडीने फिरणारी जी ब्लॅक होल्स आहेत ती याच्यापुढे धुळीचा कण सुद्धा नाहीत. हंस तारकासमूहातलं व्ही ४०४ सिग्नी घ्या. सूर्याच्या ९ पट वस्तुमान, म्हणजे ज्या सीमेच्या आतून प्रकाश बाहेर येत नाही तिची त्रिज्या २७ किलोमीटरच्या आसपास, आणि अंतर ७८०० प्रकाशवर्षं! याचा फोटो कोण काढणार? आकाशात तो एक मंद ठिपका आहे आणि ठिपकाच राहणार. त्या ठिपक्याबद्दल आपल्या हातात एकच गोष्ट मुबलक आहे ती म्हणजे त्याचा उजेड कमीजास्त कसा होतो, आणि गंमत म्हणजे तेवढ्यावरून आणि सोबतीला वर्णपट घेऊन लोकांनी त्या २७ किलोमीटरवाल्याचं वजन सुद्धा काढलंय.

हे कसं जमतं ते सांगतो, कारण माझ्या मते खरी बातमी इथेच आहे. ब्लॅक होलच्या जवळून फिरणारा तारा गोल राहत नाही. ओढीने तो ताणला जातो, एका बाजूने निमुळता होतो, साधारण अंड्यासारखा. अंडं आडवं धरलं तर मोठं दिसतं आणि टोकाकडून बघितलं तर छोटा गोल दिसतो, तसंच इथे होतं, तारा फिरत असताना कधी त्याची लांब बाजू आपल्याकडे येते आणि कधी टोक. म्हणून एका फेरीत उजेड दोनदा वाढतो आणि दोनदा उतरतो. त्यातही दोन उतार सारखे नसतात, कारण ब्लॅक होलच्या बाजूचं जे निमुळतं टोक आहे तिथे ताऱ्याचं स्वतःचं गुरुत्व कमी पडतं, तो भाग थोडा थंड आणि अंधुक असतो, त्यामुळे ते टोक आपल्या समोर आलं की उतार जरा जास्त खोल जातो. म्हणजे नुसता आलेख बघून माणूस सांगू शकतो की आत्ता ब्लॅक होल ताऱ्याच्या पुढे आहे की मागे, आणि हे सगळं ब्लॅक होल स्वतः एक कण सुद्धा प्रकाश देत नसताना!

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे शृंगाश्व तारकासमूहातला ए ०६२०-००. ऑगस्ट १९७५ मध्ये एरियल ५ या उपग्रहाला तिथे क्ष-किरणांचा भडका दिसला, दृश्य प्रकाशात जो तारा अठराव्या प्रतीचा होता तो अकराव्या प्रतीपर्यंत उजळला. (प्रत जितकी मोठी तितका तारा मंद, आणि पाच प्रतींचा फरक म्हणजे उजेडात शंभर पट, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.) मग तो विझला आणि विझल्यावरच खरं काम सुरू झालं, कारण भडका चालू असताना ब्लॅक होलभोवती फिरणाऱ्या वायूच्या चकतीच्या झगमगाटात तारा हरवून जातो. शांत झाल्यावर दिसलं की तो तारा पावणेआठ तासांत एक अख्खी फेरी मारतो. दिवसाला तीन फेऱ्या! १९८६ मध्ये मॅक्लिंटॉक आणि रेमिलार्ड यांनी त्याचा वेग मोजून दाखवलं की जोडीतली न दिसणारी वस्तू कमीत कमी सूर्याच्या तिप्पट वस्तुमानाची आहे, आणि न्यूट्रॉन ताऱ्याला तेवढं पेलवत नाही, म्हणजे ते ब्लॅक होलच.

पण 'कमीत कमी' म्हणजे काही पूर्ण उत्तर नव्हे. वेगावरून खालची मर्यादाच कळते, कारण ती कक्षा आपल्याला आडवी दिसतेय की तिरकी हे वेग सांगत नाही. ते सांगतो लाइट कर्व्ह. चढउतार किती खोल आहेत त्यावरून कक्षेचा कल निघतो, कल निघाला की वस्तुमान निघतं. ऐकायला सरळ वाटतं ना? इथेच लोकांची खूप वर्षं गेली, कारण 'शांत' म्हणवणाऱ्या काळात सुद्धा चकती पूर्ण झोपलेली नसते, ती मधेच लुकलुकते, आलेखाचा आकार वर्षागणिक बदलतो आणि प्रत्येक गटाचा कल वेगळा यायचा. शेवटी २०१० मध्ये एका गटाने वर्षानुवर्षांच्या नोंदी चाळून चकती खरंच गप्प असतानाच्याच तेवढ्या वेगळ्या काढल्या, तेव्हा कल ५१ अंश आणि वस्तुमान सूर्याच्या ६.६ पट असा नीट आकडा हाती आला. मला हा किस्सा कुठल्याही केशरी भोवऱ्यापेक्षा भारी वाटतो. पण पेपरात काय येतं तर 'महाकाय राक्षसाने तारा गिळला'. गिळला वगैरे काही नाही हो, तो तारा तिथेच आहे, आज पण दिवसाला तीन फेऱ्या मारतोय.

सगळ्या जोड्या एवढ्या बोलक्या नसतात हे पण सांगायला पाहिजे. सिग्नस एक्स-१ सगळ्यात प्रसिद्ध, १९७१ पासून त्याच्याकडे ब्लॅक होल म्हणून बघितलं गेलं, स्टीफन हॉकिंग आणि किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञांची पैज त्याच्यावरच लागली होती आणि 'ते ब्लॅक होल नाही' म्हणणारे हॉकिंग १९९० मध्ये हरले. तिथला जोडीदार तारा प्रचंड मोठा निळा महाराक्षसी तारा आहे, नवव्या प्रतीच्या आसपास, म्हणजे चांगल्या अंधारात चांगल्या बायनॉक्युलरने त्या ठिपक्यापर्यंत पोचता येतं, हंसातल्या ईटा ताऱ्याच्या अगदी शेजारी आहे. पण त्याचा उजेड ५.६ दिवसांच्या फेरीत जेमतेम काही टक्के हलतो, कारण ती कक्षा आपल्याला बरीचशी वरून बघितल्यासारखी दिसते आणि ताऱ्याची लांब बाजू आणि टोक यांतला फरक फारसा जाणवत नाही. डोळ्याने तो फरक कळणं शक्य नाही, कॅमेऱ्याने मोजावा लागतो. आणि गाया यानाने अलीकडे जी झोपलेली ब्लॅक होल्स शोधली ती तर उजेडावरून नाहीच, ताऱ्याच्या जागेतल्या डोलण्यावरून सापडली, कारण तिथे दोघांमधलं अंतर एवढं जास्त आहे की तारा ताणला पण जात नाही आणि चकती पण नाही.

आता भडक्याकडे येतो. जोडीदाराकडून येणारा वायू थेट आत पडत नाही, फिरत फिरत चकतीत साठतो. वर्षानुवर्षं नुसता साठत राहतो. मग चकतीचा एखादा भाग तापून दहा हजार अंशांच्या आसपास पोचला की हायड्रोजनचं आयनीभवन सुरू होतं, म्हणजे अणूतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, उष्णता आत कोंडते, वायूतलं घर्षण वाढतं आणि हे लोण पूर्ण चकतीभर पसरतं, साठलेला माल एकदम आत सरकू लागतो. मजा अशी की याची पहिली चाहूल बहुतेक वेळा दृश्य प्रकाशात लागते, क्ष-किरण नंतर येतात. १९९६ मध्ये जीआरओ जे १६५५-४० या ब्लॅक होलच्या जोडीच्या बाबतीत दृश्य प्रकाश क्ष-किरणांच्या सुमारे ६ दिवस आधी चढायला लागला होता. २०१८ च्या मार्चमध्ये भुजंगधारीतला मॅक्सी जे १८२०+०७० पण तसाच, आकाशावर रोज पाळत ठेवणाऱ्या छोट्या दुर्बिणींच्या जाळ्याने तो ६ मार्चलाच पकडला आणि अंतराळ स्थानकावरच्या क्ष-किरण उपकरणाने ११ मार्चला. म्हणजे अब्जावधींची उपकरणं वर फिरत असताना खालच्या छोट्या भिंगांनी आधी हाक दिली. याची बातमी झाली पाहिजे की नको?

व्ही ४०४ सिग्नीचा तर वेगळाच इतिहास आहे. १९३८ मध्ये तो उजळला तेव्हा लोकांनी नोव्हा, म्हणजे अचानक उजळून परत मंद होणारा तारा, म्हणून नोंद केली आणि पुढे गेले. १९८९ मध्ये जपानच्या गिंगा उपग्रहाला क्ष-किरण दिसले तेव्हा लक्षात आलं की अरे हा तर तोच! मग जुन्या काचेच्या फोटोप्लेटा उपसल्या तर त्यात १९५६ चा पण एक भडका निघाला जो तेव्हा कुणाच्याच लक्षात आला नव्हता. (ए ०६२०-०० चा १९१७ चा भडका पण असाच हार्वर्डच्या प्लेटांवर नंतर सापडला, म्हणून मी म्हणतो जुनं काही फेकू नये.) आणि मग २६ वर्षांनी, १५ जून २०१५ ला तो परत पेटला. शांत असताना अठराव्या प्रतीच्या पलीकडे असलेला ठिपका काही दिवसांत बाराव्याच्या आसपास, म्हणजे काहीशे पट उजेड, आणि तो उजेड स्थिर नाही, खालीवर खालीवर. क्योतोच्या मारिको किमुरा आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या निरीक्षकांच्या नोंदी एकत्र जोडल्या, एका देशात उजाडलं की दुसऱ्या देशातला माणूस दुर्बिणीवर, असं करत करत, आणि २०१६ मध्ये दाखवलं की १०० सेकंदांपासून अडीच तासांपर्यंतचे एकाच साच्यातले हेलकावे दृश्य प्रकाशात येतायत. असे हेलकावे आधी क्ष-किरणांतच माहीत होते, ते पण एखाद्या फार प्रखर स्रोतातच. आणि हे बघायला २० सेंटीमीटरची दुर्बीण पुरे होती, हौशी लोकांकडे असते तेवढी. ब्लॅक होलच्या दारात चाललेली उलथापालथ माणसाला साध्या दुर्बिणीतून, मिनिटामिनिटाला बदलताना बघता आली.. मला तरी याच्यापेक्षा मोठी हेडलाइन सुचत नाही.

त्याच भडक्यात अजून एक भारी गोष्ट झाली. ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीला अल्ट्राकॅम नावाचा अतिवेगवान कॅमेरा लावून पोषक गांधी आणि त्यांच्या गटाने बघितलं तर सेकंदाच्या छोट्या छोट्या तुकड्यात लालसर लखलखाट होत होते. चकती तापून एवढ्या झटपट उजळू-विझू शकत नाही, ती फार मोठी आहे. मग क्ष-किरणांची नोंद शेजारी ठेवून मिलिसेकंदांचा हिशोब केला तर दृश्य प्रकाशाची चमक क्ष-किरणांच्या चमकेनंतर ०.१ सेकंदाने येते असं निघालं. प्रकाश ०.१ सेकंदात ३०,००० किलोमीटर जातो. म्हणजे आत ब्लॅक होलजवळ खळबळ होते आणि तिथून तेवढ्या अंतरावर वरती जो झोत सुटतो तो पेटतो. ७८०० प्रकाशवर्षांवरच्या एका ठिपक्याच्या आत ३०,००० किलोमीटरचं अंतर मोजलं, फूटपट्टी म्हणून फक्त घड्याळ वापरून. चित्रातला तो वरखाली सुटलेला झोत तुम्ही दरवेळी छापता ना, त्याचा बुंधा नेमका कुठे हे सांगणारं मोजमाप हे आहे.

आणि सगळं सुटलंय असं पण समजू नका. एक्सटीई जे १११८+४८० या ब्लॅक होलच्या जोडीत २००० साली काय दिसलं होतं तर क्ष-किरणांचा लखलखाट यायच्या काही सेकंद आधी दृश्य प्रकाश चक्क मंद होतो आणि मग लखलखाटाच्या मागोमाग वाढतो. आधी मंद! क्ष-किरणांनी चकती तापवली आणि तिने उजेड दिला, एवढीच गोष्ट असती तर आधी काहीच व्हायला नको होतं. म्हणून तिथे झोत, आतला तापलेला विरळ वायू, ऊर्जेची वाटणी अशी वेगवेगळी स्पष्टीकरणं लोक मांडतात आणि एकमेकांशी भांडतात. वाचकांना हे भांडण वाचायला आवडेल, खात्रीने सांगतो, रोज आपण त्याहून फालतू भांडणं वाचतोच की.

हौशी लोकांचा मुद्दा जरा ताणतो, कारण तो पेपरात अजिबातच येत नाही. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये धनू राशीतला व्ही ४६४१ हा ब्लॅक होलसोबत फिरणारा तारा, जो एरवी चौदाव्या प्रतीच्या आसपास असतो, तो नवव्या प्रतीच्या आत आला आणि हे ऑस्ट्रेलियातल्या एका हौशी निरीक्षकाने डोळ्याने बघून कळवलं. पुढच्या काही तासांत क्ष-किरणांचा प्रचंड स्फोट आणि काही दिवसांत सगळं परत थंड. त्याने त्या रात्री दुर्बीण काढलीच नसती तर? २०१८ च्या मॅक्सी जे १८२० वर पण हौशी मंडळींनी महिनोन्महिने रात्री लावल्या, आणि त्यांच्या नोंदींतून दिसलं की भडक्याच्या मधेच साधारण १६.९ तासांचा मोठा हेलकावा सुरू झाला, जोडीची फेरी मात्र १६.४५ तासांची. हा किंचितसा फरक का, तर चकती गोल न राहता लांबट होते आणि ती लांबट चकती स्वतःच हळूहळू वळत राहते. महिन्यांच्या सलग नोंदी असल्याशिवाय असला फरक हाती लागत नाही, आणि मोठ्या दुर्बिणीवर एवढ्या रात्री कुणालाच मिळत नाहीत. पद्धत पण शिकण्यासारखी आहे, एकाच फोटोत शेजारी जे न बदलणारे तारे येतात त्यांच्याशी आपल्या ताऱ्याची तुलना करायची, म्हणजे हवा जरा धुरकट झाली तरी दोघांवर सारखाच परिणाम होतो, आणि आकडा वेळेसकट अमेरिकेतल्या चलताऱ्यांच्या संघटनेकडे पाठवायचा, ती १९११ पासून अशा नोंदी गोळा करतेय.

शेजारच्या ताऱ्यांवरून आठवलं. व्ही ४०४ च्या अगदी चिकटून, दीड विकलेपेक्षा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) कमी अंतरावर एक मंद तारा आहे. उजेड मोजणाऱ्यांना त्याचा कायम त्रास, त्याचा उजेड आपल्या ठिपक्यात मिसळतो म्हणून तो हिशोब करून वजा करावा लागायचा, वर्षानुवर्षं सगळे निमूटपणे वजा करत होते. २०२४ मध्ये कळलं की तो योगायोगाने तिथे दिसत नाहीये, तो त्याच कुटुंबातला आहे, पृथ्वी-सूर्य अंतराच्या साडेतीन हजार पट लांबून सुमारे ७०,००० वर्षांत एक फेरी मारणारा तिसरा मेंबर. त्यावरून आता असं म्हणतात की हे ब्लॅक होल बनताना मोठा धक्का बसलाच नसावा, नाहीतर इतका सैल बांधलेला तारा कधीच सुटून गेला असता. ही बातमी बऱ्याच ठिकाणी आली, चित्रासकट. पण ज्याला इतकी वर्षं कचरा म्हणून वजा करत होते तोच बातमी निघाला हा भाग मात्र मराठीत मला कुठे वाचायला मिळाला नाही.

चित्रांच्या नादात काय होतं याचा पण एक दाखला देतो. २०२० मध्ये एचआर ६८१९ हा साध्या डोळ्यांना दिसणारा तारा म्हणजे सगळ्यात जवळच्या ब्लॅक होलचं घर अशी बातमी आली, कक्षांचं सुंदर चित्र जगभर फिरलं. २०२२ मध्ये जास्त बारीक निरीक्षणं झाली आणि निष्पन्न झालं की तिथे ब्लॅक होल नाहीच, दोन तारे आहेत, एकाने दुसऱ्याचं वरचं आवरण ओरबाडून घेतलंय. यात शास्त्रज्ञांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांनी शंका आली तशी परत तपासणी केली, उलट पहिल्या गटातले आणि शंका घेणाऱ्या गटातले लोक एकत्र बसून त्यांनी ते केलं. पण ज्यांनी ज्यांनी ते चित्र मोठ्ठं छापलं त्यातल्या किती जणांनी दुसरी बातमी तेवढीच मोठी छापली? चित्र एकदा डोक्यात बसलं की ते पुसलं जात नाही. आलेख छापला असता तर निदान वाचकाला कळलं असतं की दावा कशावर उभा आहे आणि तो किती पक्का आहे.

तेव्हा मागणी अगदी छोटी आहे. पुढच्या वेळी अशी बातमी आली की चित्र छापायचंच तर छापा, पण 'काल्पनिक' हा शब्द त्याच्या खालीच आणि वाचता येईल एवढ्या अक्षरात ठेवा, आणि शेजारी दोन कॉलमभर जागा त्या खऱ्या लाइट कर्व्हला द्या. शोधनिबंधात तो असतोच, परत काढून घ्यायला तुमच्या ग्राफिक्सवाल्यांना फार वेळ लागणार नाही, क्रिकेटचे रनरेटचे आलेख ते रोज काढतात आणि वाचक ते बरोबर वाचतात. खाली तीन ओळी: हा ठिपका कुठल्या तारकासमूहात आहे, एरवी कितव्या प्रतीचा असतो, आता कितव्या. एवढं छापलं तर ज्यांच्याकडे छोटी दुर्बीण पडून आहे ते त्याच रात्री ती बाहेर काढू शकतील. हे भडके वेळ सांगून येत नाहीत, व्ही ४०४ चे दोन भडक्यांमधले अंतर बघा, १८ वर्षं, ३३ वर्षं, २६ वर्षं, काही ताळतंत्र नाही, आणि २०१५ मध्ये तर जूनचा विझला तोवर डिसेंबरमध्ये परत एक छोटा आला. ए ०६२०-०० ने १९१७ नंतर १९७५ पर्यंत ५८ वर्षं घेतली, तेवढीच परत घेतली तर २०३३ उजाडेल, पण त्याच्यावर भरवसा ठेवू नका. टेम्प्लेट आत्ताच बनवून ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक